फादर मार्टिन श्मिड : धर्मगुरू गेले, गाणे राहिले

संगीतप्रेमी धर्मगुरूंचा विषय निघाला की व्हेनिसचे आंतोनिओ विवाल्दी (१६७८–१७४१) यांचे नाव प्रथम ओठांवर येते, आणि ते योग्यच आहे. १७०३ साली गुरुदीक्षा घेतलेल्या या धर्मगुरूंनी अनाथ मुलींच्या आश्रमात संगीत शिकवता शिकवता अजरामर रचना केल्या. मात्र त्याच शतकात, त्यांच्याहून सोळा वर्षांनी लहान असलेले आणखी एक संगीतप्रेमी धर्मगुरू होऊन गेले. त्यांच्या वाट्याला व्हेनिसचे रसिक आले नाहीत, राजदरबार आले नाहीत. दक्षिण अमेरिकेच्या अरण्यात, आजच्या बोलिव्हिया देशाच्या पूर्व भागात, त्यांनी आयुष्याची सदतीस वर्षे घालवली आणि म्हातारपणी राजाज्ञेने तेथून त्यांची हकालपट्टी झाली. त्यांचे नाव फादर मार्टिन श्मिड, येशूसंघीय.

विवाल्दी यांची आठवण आपण त्यांच्या रचनांवरून ठेवतो. फादर श्मिड यांची आठवण ठेवावी लागते ती त्यांनी इतरांच्या हाती जे सोपवले त्यावरून. कलावंत गेल्यावर त्याची कला कुठे राहते, आणि धर्मगुरू गेल्यावर त्याचे कार्य कुणाच्या आधाराने उभे राहते, या दोन्ही प्रश्नांचे एकच उत्तर या चरित्रात सापडते.

बारचा तरुण

मार्टिन श्मिड यांचा जन्म २६ सप्टेंबर १६९४ रोजी स्वित्झर्लंडमधील त्सुग प्रांतातील बार या गावी एका श्रद्धावंत कॅथलिक कुटुंबात झाला. १७१७ साली त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. धर्मशिक्षण पूर्ण होऊन १७२६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि लगेचच त्यांनी दूरदेशीच्या मिशनचा मार्ग धरला. त्या काळी स्पेनच्या अमलाखालील अमेरिकेत जावयाचे तर आधी स्पेनमधील काडिझ बंदरात जहाजाची वाट पाहावी लागे. फादर श्मिड यांनाही तेथे दीर्घकाळ थांबावे लागले. अखेर १७२९ साली ते ब्वेनोस आयरेसला उतरले आणि तेथून खुष्कीने मजल दरमजल करीत १७३० साली चिकितोस प्रदेशात पोहोचले. मायभूमीचे दर्शन त्यांना पुन्हा घडले ते चाळीसहून अधिक वर्षांनंतर, आणि तेही निर्वासित म्हणून.

चिकितोसमधील पहिली वसाहत येशूसंघीयांनी १६९१ च्या अखेरीस वसवली होती. तिला नाव दिले होते संत फ्रान्सिस झेवियर यांचे. स्पॅनिश उच्चारानुसार तेथील लोक तिला सान हाविएर म्हणतात. ज्या संताचे पार्थिव गोव्यात विसावले आहे, त्याच्या नावाचे गाव पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला अरण्यात उभे राहावे आणि तेथेच आपल्या चरित्रनायकाने पहिला सूर लावावा, हा योगायोग आपल्या वाचकांना निश्चितच भावेल.

या वसाहतींना स्पॅनिश भाषेत ‘रेडुक्सिओन’ म्हणत. मध्यभागी मोठा चौक, त्याच्या एका बाजूला देऊळ, लागून धर्मगुरूंचे निवासस्थान, शाळा व कारखाने आणि उरलेल्या तीन बाजूंना ओळीने रहिवाशांची घरे, अशी त्यांची रचना असे. सामान्यतः प्रत्येक गावात दोनच धर्मगुरू असत. दैनंदिन कारभार आदिवासींच्या स्वतःच्या पंचायतीकडे असे. पूर्वेकडून पोर्तुगीज ब्राझीलचे गुलाम पकडणारे येत, पश्चिमेकडून सान्ता क्रूझ शहरातील स्पॅनिश धनिकांची नजर मजुरांवर असे. या दोहोंच्या कात्रीत सापडलेल्या अनेक जमातींना ही गावे आसरा वाटली. त्यांच्या भाषा निरनिराळ्या होत्या. त्यांपैकी चिकितानो ही भाषा सर्वांची सामाईक भाषा झाली आणि प्रार्थना, प्रवचने व गीते तिच्यात होऊ लागली.

हातांना दिलेली विद्या

फादर श्मिड तेथे पोहोचले तेव्हा चिकितोसच्या देवळांत प्रार्थना गायल्या जात असत. मात्र अनेक आवाजांत बसवलेले, वाद्यमेळासह गाइलेले संगीत तेथे त्यांनीच रुजवले. पण गायकवृंद उभा करायचा तर वाद्ये हवीत, आणि ती युरोपातून आणायची तर समुद्र, नद्या व डोंगर ओलांडून महिनोन्‌महिने लागणार. फादरांनी यावर साधा तोडगा काढला. वाद्ये गावातच करावयाची. जंगलात उत्तम लाकूड होते आणि लोकांच्या बोटांत कसब होते. उणीव होती ती केवळ शिकवणाऱ्याची.

ते काम त्यांनी अंगावर घेतले. व्हायोलिन, वीणेसारखे हार्प, बासरी, तुताऱ्या आणि अखेर ऑर्गनसुद्धा त्यांच्या देखरेखीखाली तयार होऊ लागले. १७४४ साली आपल्या एका संघबंधूला धाडलेल्या पत्रात ते मोठ्या विनोदाने आपली दिनचर्या सांगतात. आपण गातो, ऑर्गन वाजवतो, तारवाद्ये व सुषिरवाद्ये वाजवतो, प्रसंगी नाचतोही. यांतील काही विद्या मायदेशी आपल्याला येतही नव्हत्या, त्या येथे मुलांना शिकवण्यासाठीच शिकाव्या लागल्या, असा त्या मजकुराचा आशय आहे. आपण मिशनरी आहोत याचे एक कारण आपण गातो-वाजवतो हे आहे, असेही ते निःसंकोचपणे नमूद करतात.

या कबुलीत त्यांच्या कार्याचे मर्म आहे. ज्याला सारे काही आधीच येते तो बहुधा करून दाखवतो आणि भोवतालचे पाहत राहतात. ज्याला स्वतःला शिकावे लागते तो शिकवतानाही शिकणाऱ्याच्या अडचणी ओळखतो. मुले लहानपणीच स्वरलिपी वाचू लागत, पुढे ती लिहू लागत. यातील लिहिणे फार महत्त्वाचे ठरले. छपाईची सोय नसलेल्या त्या प्रदेशात प्रत्येक गीत, प्रत्येक मिस्सा हाताने उतरवून घ्यावी लागे. फादरांच्या हातची एक प्रत, तिच्यावरून शिष्याच्या हातची दुसरी, त्यावरून शेजारच्या गावातील वादकाची तिसरी, असा क्रम सुरू झाला. गावातील गायकवृंदाचा प्रमुख आदिवासी असे आणि त्याला समाजात मान असे.

गाइले जाणारे संगीत साधेसुधे नव्हते. इटलीतील प्रातो येथे १६८८ साली जन्मलेले दोमेनिको झिपोली हे रोममधील येशूसंघाच्या प्रमुख चर्चचे ऑर्गनवादक होते. कीर्ती हाती आलेली असताना १७१६ साली त्यांनी येशूसंघात प्रवेश केला आणि ते दक्षिण अमेरिकेस गेले. गुरुदीक्षा देण्यास त्या वेळी तेथे बिशप उपलब्ध नसल्याने ते धर्मगुरू होऊ शकले नाहीत, आणि १७२६ च्या आरंभी क्षयाने त्यांचा अंत झाला. या अकाली गेलेल्या संघबंधूचे संगीत चिकितोसच्या गावोगावी घुमू लागले, त्यात फादर श्मिड यांचा मोठा वाटा होता. संत इग्नाशियस यांच्या जीवनावरील एक संगीतिका या भागातील हस्तलिखितांत सापडली आहे. तिच्यात झिपोली आणि श्मिड या दोघांचाही हात असल्याचे अभ्यासक मानतात. संत फ्रान्सिस झेवियर यांच्यावरील दुसरी संगीतिका तर चिकितानो भाषेतच आहे.

या संगीताची वार्ता रोमपर्यंत पोहोचली होती. चिकितोसची वसाहत येशूसंघाच्या पाराग्वे प्रांतात मोडत असे. १७४९ साली पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी चर्चसंगीतावर जे परिपत्रक काढले, त्यात पाराग्वेच्या मिशनमधील गायन-वादनाचा गौरवपूर्वक उल्लेख केला आहे.

गाण्यासाठी देऊळ

त्याच सुमारास फादर श्मिड यांच्यावर आणखी एक जबाबदारी आली. जुनी देवळे मोडकळीस आली होती. वास्तुशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. तरीही सान राफाएल (१७४७–४९), सान हाविएर (१७४९–५२) आणि त्यानंतर कॉन्सेप्सिओन येथील भव्य देवळे त्यांच्याच योजनेनुसार उभी राहिली. अखंड वृक्षांचे खोड पिळदार कोरून केलेले खांब, विटामातीच्या भिंती आणि सगळ्यांवर पसरलेले रुंद उतरते छप्पर, असे त्यांचे रूप आहे. त्या ओट्याच्या सावलीत लोक मिरवणुकीआधी जमत आणि पावसाने अडले तर थांबत. युरोपची शैली आणि अरण्यातील साहित्य यांचा तो मिलाफ होता. कोरीव काम करणारे हात मात्र गावातल्या सुतारांचे होते. व्हायोलिनची पोकळी कोरायला शिकलेला माणूस खांबावरची वेल कोरताना अडखळणार नाही, हे सांगायला नकोच.

एक अवघड प्रश्न

या साऱ्या गौरवात एक प्रश्न नजरेआड करून चालणार नाही. हे संगीत आदिवासींचे होते काय? त्यांच्या पूर्वजांची स्वतःची गाणी होती, नाच होते, वाद्ये होती. त्यांतील बरेच काही युरोपीय संगीताच्या भरात मागे पडले. वसाहतींमधील जीवन शिस्तबद्ध होते. घंटेवर उठावे, घंटेवर निजावे. एकत्र वस्तीमुळे साथीचे रोगही वारंवार फैलावत. आसरा मिळाला, परंतु त्यासाठी किंमतही मोजावी लागली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा, असे सांगितले. मुंबईत अंधेरीच्या ज्ञान आश्रमात एसव्हीडी संघाचे फादर जॉर्ज प्रोक्श यांनी भारतीय सुरावटींत ख्रिस्ती भजने बांधली, ती याच जाणिवेतून. अठराव्या शतकातील फादर श्मिड यांच्यापाशी ही दृष्टी आजच्या अर्थाने असणे शक्य नव्हते.

तथापि, एखादी गोष्ट कुणाची याचा निर्णय ती कुठून आली एवढ्यावर होत नाही. ती जपण्यासाठी कोणी कष्ट घेतले, हेही पाहावे लागते. चिकितोसच्या बाबतीत ही कसोटी लवकरच लागणार होती.

१७६७

स्पेनचे राजे तिसरे कार्लोस यांनी २७ फेब्रुवारी १७६७ रोजी आपल्या सर्व प्रदेशांतून येशूसंघीयांना हद्दपार करण्याची आज्ञा काढली. त्याच वर्षी सैनिकांची तुकडी चिकितोसमध्ये येऊन दाखल झाली. दहा गावे आणि त्यांतील वीस हजारांहून अधिक ख्रिस्ती जन यांचा निरोप घेण्यास धर्मगुरूंना फारसा अवधी मिळाला नाही. फादर श्मिड त्या वेळी ७३ वर्षांचे होते. त्या वयात त्यांना अँडीजसारखा पर्वत ओलांडून पॅसिफिक किनारा गाठावा लागला आणि तेथून पुढे सागरप्रवास करावा लागला. वाटेत कित्येक संघबंधूंनी प्राण सोडले. फादर कसेबसे स्पेनला पोहोचले आणि अखेरीस मायदेशी परतले. १० मार्च १७७२ रोजी लुसर्न येथे त्यांनी देह ठेवला. पुढच्याच वर्षी, १७७३ साली, पोप क्लेमेंट चौदावे यांनी संपूर्ण येशूसंघच विसर्जित केला. तो पुन्हा स्थापन झाला तो १८१४ साली.

मृत्युसमयी त्या वृद्ध धर्मगुरूच्या दृष्टीने हिशोब काय होता? गावे परक्यांच्या हाती, संघ मोडण्याच्या बेतात, आणि शिष्यांचे वर्तमान कळण्याचा मार्ग नाही. लौकिक अर्थाने सारेच हरवले होते.

पाने जपणारे हात

प्रत्यक्षात घडले ते निराळेच. सान्ता आना या गावातील देऊळ येशूसंघीय गेल्यानंतर गावकऱ्यांनी स्वतः बांधून काढले. त्यांच्यावर देखरेख करायला आता कोणी फादर श्मिड नव्हते. १८३१ साली फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ आल्सीद दोर्बिन्यी या भागातून फिरले, तेव्हा तेथील वादकांचे कसब पाहून त्यांना आश्चर्य वाटले आणि ते त्यांनी लिहून ठेवले. हद्दपारीला तोवर चौसष्ट वर्षे लोटली होती. फादरांकडून प्रत्यक्ष शिकलेल्यांपैकी क्वचितच कोणी उरले असेल. वाजवत होती ती त्यांच्या शिष्यांची मुले-नातवंडे.

पुढील काळ अधिक खडतर होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रबराच्या व्यापाराला तेजी आली आणि असंख्य चिकितानो माणसे कर्जाच्या पाशात अडकून रबराच्या जंगलात वेठीला गेली. गावे ओस पडली, देवळांची छपरे गळू लागली. तरीही संगीताच्या वह्या टाकून दिल्या गेल्या नाहीत. पान जीर्ण झाले की कोणी तरी ते उतरवून काढी. नकलकारांच्या हातून चुका होत, अक्षरे बदलत, पण वही पुढच्या हाती जाई. ज्या काळी त्या स्वरलिपी वाचणारे विरळ झाले, त्या काळीही लोकांनी ती पाने पवित्र ठेव्याप्रमाणे पेट्यांत सांभाळली.

१९७२ साली हान्स रोट नावाचे स्विस वास्तुतज्ज्ञ सान राफाएलच्या देवळाच्या डागडुजीसाठी चिकितोसला आले. ते पूर्वी येशूसंघात होते. काही महिन्यांच्या कामासाठी आलेला हा माणूस १९९९ साली मृत्यू येईपर्यंत त्या कार्यात गुंतून राहिला. फादर श्मिड यांची देवळे त्यांनी स्थानिक सुतारांच्या नव्या पिढीला शिकवून पुन्हा उभी केली. याच काळात सान राफाएल आणि सान्ता आना येथील जुनी हस्तलिखिते उजेडात आली. त्यांची संख्या पाच हजार पानांहून अधिक आहे. आज ती कॉन्सेप्सिओन येथील धर्मप्रांतीय संग्रहालयात आहेत. १९९० साली युनेस्कोने चिकितोसमधील सहा गावांना जागतिक वारसास्थळांचा दर्जा दिला. पोलंडचे एसव्हीडी धर्मगुरू फादर प्योत्र नाव्रोत यांनी ती हस्तलिखिते वर्षानुवर्षे अभ्यासून संपादित केली. १९९६ सालापासून दर दोन वर्षांनी तेथे बरोक संगीताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरू लागला. ज्या देवळांत ते संगीत प्रथम गाइले गेले त्याच देवळांत ते पुन्हा घुमले, आणि व्हायोलिन हाती धरणाऱ्यांत त्याच गावांतील मुले-मुली होती.

येथे विवाल्दींची आठवण पुन्हा होते. त्यांची हस्तलिखितेही दीर्घकाळ विस्मृतीत पडली होती. १९२६ च्या सुमारास ती इटलीतील एका सलेशियन संस्थेच्या संग्रहात सापडली. ग्रंथसंग्रहाने विवाल्दी वाचवले. श्मिड यांना वाचवले ते शेतकरी, सुतार आणि देवळाच्या सेवेकऱ्यांनी.

आपल्या अंगणात

हा इतिहास दूरदेशीचा असला तरी वसईच्या वाचकाला १७३९ हे वर्ष आठवल्यावाचून राहणार नाही. चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज सत्ता गेली आणि तिच्याबरोबर युरोपीय मिशनरीही गेले. किल्ल्यातील भव्य देवळे पडीक झाली. मागे उरले देशी धर्मगुरू आणि त्यांच्याभोवती गोळा झालेले प्रापंचिक. श्रद्धा टिकली ती त्यांच्या आधाराने, घराघरांतील रोजरीच्या प्रार्थनेने आणि आयाबायांच्या मुखी असलेल्या गीतांनी.

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची कथा तर याहून बोलकी आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज येशूसंघीयाचे हे मराठी पुराण १६१६ साली राशोल येथे छापले गेले आणि त्याच शतकात त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. भाविक कुटुंबांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींमुळेच १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापता आले. छापखान्याला जे जमले नाही ते बोरूने केले. गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांत गावच्या मुलांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवणारे ‘मेस्त’ हेही याच परंपरेतले. त्यांच्या हाताखाली घडलेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद समृद्ध केले.

आज आपल्या अनेक धर्मग्रामांत उत्तम गायकवृंद आहेत, ध्वनिवर्धक आहेत, यंत्राच्या एका कळीवर वाजणारे तयार तालही आहेत. या सोयींना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु एक प्रश्न प्रत्येक धर्मग्रामाने स्वतःला विचारावा. आपला संगीतप्रेमी धर्मगुरू बदली होऊन गेला, ऑर्गन वाजवणारे वयोवृद्ध गृहस्थ थकले, तर पुढच्या रविवारी गाणे कोण उचलणार? आजी-आजोबांच्या तोंडची जुनी मराठी गीते कोणाच्या वहीत उतरली आहेत? स्वरलिपी वाचू शकणारी दहा मुले तरी आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांतून तयार होत आहेत काय?

चिकितोसच्या लोकांनी या प्रश्नांची उत्तरे दोनशे वर्षे दिली, आणि तीही अशा काळात, जेव्हा त्यांना विचारणारे कोणी नव्हते. फादर श्मिड यांच्या पश्चात त्यांच्या नावाचा डंका कोणी पिटला नाही. त्यांच्या शिष्यांनी केवळ वही उघडली, व्हायोलिनची तार जुळवली आणि सणाच्या दिवशी वेळेवर देवळात हजर राहिले.